सुटताना अडखळणारी मोटारसायकल : निदानाची रीत

सिग्नल हिरवा होतो. पहिला गिअर टाकलेला असतो. क्लच सोडत आपण मूठ पिळतो आणि गाडी पुढे निघण्याऐवजी क्षणभर घुसमटते. इंजिनाचा आवाज खाली बसतो, एखादा आचका बसतो आणि मग काही झालेच नाही अशा थाटात ती धावू लागते. कधी मात्र ती चौकाच्या मधोमध बंद पडते. मागे असलेल्या बसचा वा ट्रकचा चालक आपण निघालो असे गृहीत धरून पुढे सरकलेला असतो. त्यामुळे हा दोष केवळ त्रासाचा नसून धोक्याचा आहे. 'चालते आहे तोवर चालू द्या' हे धोरण येथे उपयोगाचे नाही.

दुसरी अडचण खिशाची आहे. 'गाडी पिकअप घेत नाही' एवढेच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडली, की प्लग बदलला जातो, कार्ब्युरेटर साफ होतो, एअर फिल्टर नवा येतो. चार दिवस बरे जातात आणि दोष पुन्हा डोके वर काढतो. कारण एकच लक्षण देणारी कारणे दहा-बारा असतात आणि ती वेगळी काढण्यासाठी सुटे भाग बदलण्यापेक्षा निरीक्षण अधिक कामाचे असते. हे निरीक्षण चालकानेच करावे लागते, कारण गाडी अडखळते तेव्हा तिच्यावर मेकॅनिक नव्हे, तो बसलेला असतो.

त्या एका क्षणात काय घडते?

इंजिन स्लो रेसवर, म्हणजे आयडलवर चालत असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत या अवस्थेत इंजिनाचे फेरे मिनिटाला १४०० च्या आसपास असतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेव्हा लागणारे थोडेसे पेट्रोल 'पायलट जेट' या बारीक छिद्रातून येते. हे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. मूठ अधिक पिळली की सुई आणि मेन जेट यांचे काम सुरू होते. मात्र आयडल संपून सुईचे काम सुरू होईपर्यंतचा जो पट्टा आहे, तो जवळजवळ सर्वस्वी पायलट जेट आणि त्याच्या लगतच्या सूक्ष्म छिद्रांवर अवलंबून असतो. गाडी जागेवरून हलते ती नेमकी याच पट्ट्यात.

मूठ झटकन पिळली की हवा हलकी असल्यामुळे ताबडतोब आत धावते. पेट्रोल जड असल्यामुळे मागे राहते. शिवाय थ्रॉटल उघडताच इनलेटमधील निर्वात दाब एकाएकी घटतो आणि पेट्रोल ओढून घेणारी शक्ती क्षणभर कमी होते. परिणामी मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. धडधाकट गाडीत ही तूट भरून काढण्याइतके पेट्रोल उपलब्ध असते. काही कार्ब्युरेटरांत तर मूठ पिळताच जादा पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंपच बसवलेला असतो. ही तूट भरून निघाली नाही, की गाडी अडखळते.

प्रश्न येथेच संपत नाही. थ्रॉटल उघडल्यावर सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडण्यासाठी प्लगला अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे आयडलवर निमूट काम करणारा अशक्त प्लग नेमका याच क्षणी दगा देतो. म्हणजेच हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिन्ही गोष्टींची परीक्षा एकाच वेळी होते.

आधी प्रश्न, मग पाना

कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत.

पहिला प्रश्न : इंजिनाचे फेरे पडतात की वाढतात? मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाजच बसत असेल तर दोष इंधन, हवा वा ठिणगीचा आहे. आवाज चढतो पण गाडी मात्र हलत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की पुढचे सगळे श्रम वाया जातात.

दुसरा प्रश्न : त्रास गार इंजिनाला होतो की तापलेल्या? फक्त सकाळच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत गाडी घुसमटत असेल आणि नंतर सुधारत असेल, तर मिश्रण थोडे पातळ आहे. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसल्यामुळे ही उणीव अधिक जाणवते. उलट गाडी तापल्यावरच त्रास सुरू होत असेल, तर मिश्रण घट्ट असणे, व्हॉल्व्हची फट कमी झालेली असणे किंवा तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल यांचा विचार करावा.

तिसरा प्रश्न : घुसमट हळूहळू येते की दिवा विझावा तशी तत्क्षणी? इंधनाचा दोष सहसा गळा आवळल्यासारखा जाणवतो. विजेचा दोष तुटक असतो. तुटला की तुटला, जुळला की जुळला. सैल झालेले बॅटरीचे टर्मिनल, इग्निशन स्विचमधील खराब संपर्क किंवा साइड स्टँडचा बिघडलेला स्विच असा दोष देतात.

चौथा प्रश्न : हा दोष कधीपासून आहे? सर्व्हिसिंगनंतर, पीयूसी तपासणीनंतर, मोठ्या पावसानंतर, नवा सायलेन्सर बसवल्यावर की गाडी महिनाभर उभी राहिल्यावर? अर्धे निदान बहुधा याच उत्तरात दडलेले असते.

उभ्या गाडीवरच्या दोन चाचण्या

या चाचण्या उघड्या जागेत कराव्यात. बंद गॅरेजमध्ये वा इमारतीच्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन पुरते तापवून न्यूट्रलमध्ये मूठ झटकन पाव भाग उघडावी. न्यूट्रलमध्येही घुसमट जाणवली, तर दोष पायलट जेट, हवेची गळती किंवा मिश्रणाच्या जुळणीत आहे असे समजावे. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वच्छ चढते आणि केवळ भार पडल्यावर अडखळते, असे दिसल्यास अशक्त ठिणगी, किंचित पातळ मिश्रण, कमी झालेले कॉम्प्रेशन, चिकटलेला ब्रेक आणि क्लच यांच्याकडे वळावे.

दुसरी चाचणी चोकची. तापलेल्या इंजिनावर चोक किंचित ओढून पुन्हा मूठ पिळून पाहावी. चोकमुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोक ओढल्यावर घुसमट कमी झाली, तर मिश्रण पातळ होते. ती वाढली आणि इंजिन गुदमरू लागले, तर मिश्रण आधीच घट्ट होते. या चाचणीला एक पैसाही लागत नाही. तरीही ती फार कमी जण करतात.

मिश्रण पातळ असल्यास

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तुंबलेला पायलट जेट. गाडी काही आठवडे उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. हा थर पहिल्यांदा सर्वांत बारीक छिद्र बुजवतो. जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तार वा सुई घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी जेट निकामी होतो. साफ केलेला जेट उजेडासमोर धरला असता छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे.

दुसरे कारण हवेची गळती. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी सांधा किंवा त्यातील ओ-रिंग जुनी झाली की तडकते आणि तेथून हिशेबाबाहेरची हवा आत शिरते. मूठ सोडल्यावर इंजिनाचे फेरे पटकन खाली न येता वरच लोंबकळतात, हे याचे ठळक लक्षण आहे. इंजिन चालू असताना सांधा हाताने किंचित दाबून वा हलवून पाहावा. त्याने आवाज बदलला तर चोर सापडला. ज्वलनशील स्प्रे फवारून गळती शोधण्याची पद्धत काही ठिकाणी वापरतात. परंतु शेजारी तापलेला सायलेन्सर असताना घरच्या घरी हा प्रयोग करू नये. असा प्रसंग अनेकांच्या ओळखीचा असेल : प्लग बदलला, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडला आणि अखेर दोष निघाला तो रबराच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या बाजूला पडलेल्या केसाएवढ्या भेगेत.

तिसरे कारण स्क्रूची जुळणी. पीयूसी तपासणीत दुचाकीचा धूर आयडलवर मोजला जातो. आकडा हमखास मर्यादेत यावा म्हणून काही वेळा मिश्रण गरजेपेक्षा पातळ केले जाते. कागद मिळतो, पण गाडी सुटताना अडखळू लागते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. स्क्रू कार्ब्युरेटरच्या फिल्टरकडील बाजूस असेल तर तो बहुधा हवेचा असतो आणि आत फिरवल्यास मिश्रण घट्ट होते. इंजिनाकडील बाजूस असेल तर तो बहुधा पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण घट्ट होते. फिरवण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे लागले ते मोजून लिहावे, म्हणजे मूळ जागी परतता येते. जोराने कसल्यास त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करून तापलेल्या इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवीत जेथे आयडल सर्वांत वर जाते ती जागा शोधावी, मग आयडलचा स्क्रू वापरून फेरे नेमून दिलेल्या अंकावर आणावेत. बराच स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर पायलट जेट तुंबलेला आहे असे खुशाल समजावे.

ज्या गाड्यांत सीव्ही जातीचा कार्ब्युरेटर आहे, त्यांत मूठ थेट पिस्टन उचलत नाही. तो रबरी पडद्याच्या साहाय्याने निर्वात दाबाने उचलला जातो. पडद्याला टाचणीएवढे भोक पडले तरी पिस्टन नीट उठत नाही आणि गाडी मूठ पिळूनही मरगळलेली राहते. पडदा उजेडासमोर हलकेच ताणून पाहिला की भोक दिसते.

याखेरीज एअर फिल्टरचे झाकण उघडे राहणे, फिल्टर फाटणे आणि जेट न बदलता मोकळा सायलेन्सर बसवणे यांनीही मिश्रण पातळ होऊ शकते.

मिश्रण घट्ट असल्यास

काळसर धूर, पेट्रोलचा वास, घटलेले मायलेज आणि काजळीने माखलेला कोरडा प्लग ही याची चिन्हे. धुळीने गच्च भरलेला एअर फिल्टर, पूर्ण न परतणारा चोक, झिजलेली सुई किंवा वाटीत पेट्रोलची पातळी वाढवणारा फ्लोट व्हॉल्व्ह ही कारणे. पैकी चोकची केबल अनेकदा विसरली जाते. खटका परत आला तरी आतील झडप अर्धवट उघडी राहू शकते.

ठिणगीची बाजू

प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग ठीक. पांढरट असल्यास मिश्रण पातळ, काळा आणि कोरडा असल्यास घट्ट, तर तेलाने ओला असल्यास रिंग वा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शंका. टोकांमधील फट पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे असावी. बहुतेक लहान गाड्यांत ती ०.६ ते ०.९ मि.मी. दरम्यान असते. झिजून ती रुंदावली की ठिणगीला लागणारे व्होल्टेज वाढते आणि घुसमट सुरू होते. प्लग हाच येथील सर्वांत स्वस्त भाग असल्याने संशय असेल तर योग्य क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र जुना जपून ठेवावा. दोष गेला नाही तर निदान पुढे सरकले एवढे तरी कळते.

पावसाळ्यात प्लगच्या टोपीत ओल शिरते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले असता टोपी वा वायरभोवती निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर वीज वाटेतच गळते आहे. चालू इंजिनात टोपीला हात लावू नये.

पेट्रोल आणि टाकी

टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत निर्वात तयार होते आणि काही मिनिटांनी पेट्रोलची धार रोडावते. गाडी अडखळू लागताच झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष तेथेच. कॉकच्या जाळीतील गंज आणि कचराही तपासावा.

पेट्रोलात पाणी आहे का हे पाहण्यासाठी कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात हा धोका अधिक आहे, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून तळाशी बसतात.

२०२५ मध्ये देशभरातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या गाड्यांच्या बाबतीत या बदलाचे गणित समजून घ्यावे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरतात, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जेट तोच आणि हवा तेवढीच असली, तर इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण पातळ होते. कार्ब्युरेटरला हा बदल उमगत नाही. आधीच काठावर असलेल्या जुन्या गाडीत तो घुसमटीच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. पुस्तिकेच्या मर्यादेत राहून स्क्रूची फेरजुळणी आणि रबरी नळ्या व सील यांची तपासणी हा त्यावरील व्यवहार्य उपाय.

इंजेक्शनच्या गाड्या

२००६ मध्ये हीरो होंडाने ग्लॅमरची इंजेक्शनची आवृत्ती आणली तेव्हा ती नवलाई होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. या गाड्यांत पायलट जेट नाही, चोकही नाही. सेन्सरांच्या नोंदींवरून संगणक पेट्रोल मोजून देतो. ऑक्सिजन सेन्सरमुळे इंधनातील फरकही बऱ्याच अंशी सावरला जातो.

तरीही त्या अडखळतात. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, आयडलची हवा सांभाळणाऱ्या झडपेतील अडथळा, मुठीची स्थिती सांगणारा सदोष सेन्सर, तुंबलेला इंजेक्टर किंवा थकलेला पंप ही मुख्य कारणे. अनेक गाड्यांत पंपाचा दाब सुमारे ३ बार अपेक्षित असतो. तो घटला की भार पडताच इंजिन उपाशी राहते. बॅटरी अशक्त असेल तर पंप आणि संगणक दोघेही डळमळतात. म्हणून येथे सुरुवात बॅटरीच्या टर्मिनलपासून करावी. डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल तर दोषाचा संकेतांक वाचून घ्यावा. अंदाजाने महागडा सेन्सर बदलू नये. हवेची गळती, प्लग आणि फिल्टर यांचे नियम मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखेच लागू आहेत.

इंजिन निर्दोष असेल तर

क्लचच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मि.मी. मोकळी हालचाल असावी लागते. ती नसेल तर प्लेटा कायम अर्धवट सुटलेल्या राहतात आणि घसरतात. मोटारीचे, घर्षण कमी करणारे ऑइल टाकल्यानेही क्लच घसरू शकतो. मोटारसायकलसाठी डब्यावर 'जेएएसओ एमए' वा 'एमए-२' असा उल्लेख असलेले ऑइल घ्यावे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मूठ पिळली असता आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेटा झिजल्या आहेत.

सैल चेनमुळे सुटताना बसणारा झटका अनेक जण इंजिनाचा समजतात. पुस्तिकेनुसार ताण ठेवला की तो नाहीसा होतो. गाडी स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते अडत असेल वा थोड्या प्रवासानंतर ड्रम चटका बसण्याइतका तापत असेल, तर ब्रेक चिकटतो आहे.

सर्व काही तपासूनही दोष कायम असल्यास व्हॉल्व्हची फट मोजून घ्यावी. लहान गाड्यांत ही फट गार इंजिनावर साधारण ०.०५ ते ०.१० मि.मी. एवढी असते. ती नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि आयडल डळमळते. हे काम, तसेच कॉम्प्रेशनची मोजणी, जाणकार मेकॅनिककडेच सोपवावी.

एका वेळी एकच बदल

निदानाचा सर्वांत मोठा शत्रू घाई. एकाच दिवशी प्लग बदलला, जेट साफ केला आणि स्क्रूही फिरवला, तर गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडली तरी कशाने तेही नाही. म्हणून फुकटचे तपास आधी, स्वस्त भाग नंतर, महाग भाग शेवटी. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच रीतीने चाचणी घ्यावी आणि नोंद करावी. चाचणी रहदारीच्या चौकात नव्हे, मोकळ्या रस्त्यावर आणि हेल्मेट घालूनच घ्यावी.

दोष दूर होईपर्यंत सिग्नलवर शक्यतो डाव्या कडेला थांबावे, मागचे वाहन अगदी जवळ असल्यास निघण्यापूर्वी आरशात पाहावे आणि मूठ एकदम न पिळता हळुवार उघडावी. घुसमट टाळण्यासाठी इंजिन जोरात रेस करून क्लच फेकण्याची सवय लावून घेऊ नये. त्याने दोष झाकला जातो, प्लेटा जळतात आणि एखाद्या दिवशी गाडी अपेक्षेपेक्षा वेगाने पुढच्या वाहनावर जाते.

गॅरेजमध्ये जाताना 'पिकअप नाही' एवढेच न सांगता 'तापल्यावर, मूठ थोडी उघडताना, न्यूट्रलमध्येही घुसमटते. चोक ओढला की सुधारते' असे सांगून पाहावे. या एका वाक्याने मेकॅनिकचे निम्मे काम होते आणि आपले निम्मे बिल वाचण्याची शक्यता निर्माण होते.